जमिनीवरचे क्षेत्ररक्षण: पावलांपासून फेकीपर्यंतचा नेमका क्रम

क्रिकेटमध्ये जमिनीवरून आलेला चेंडू निसटला की दोष हातांना दिला जातो आणि मग सरावातही मेहनत हातांवरच घेतली जाते. प्रत्यक्षात हात सर्वांत शेवटी चुकतात. फलंदाजाची बॅट चेंडूला लागली तेव्हा क्षेत्ररक्षकाचा एक पाय हवेत असतो, त्यामुळे तो चेंडूच्या वाटेत उशिरा पोहोचतो. उशीर झाल्याने गुडघे न वाकवता कंबरेतून वाकतो. आणि फेकण्याच्या घाईत चेंडू पंजात येण्याआधीच नजर यष्ट्यांकडे वळवतो. चेंडू पायांमधून निघून जातो तो या सगळ्यांनंतर. म्हणून या लेखात टप्पे ज्या क्रमाने मैदानावर घडतात त्याच क्रमाने घेतले आहेत, आणि सरावातही तो क्रम मोडू नये असा माझा आग्रह आहे. वर्णन उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलट करून वाचावे.

## पूर्वतयारी: मैदान, पायताण आणि खांदा

सामन्याआधी आपण जिथे उभे राहणार आहोत ती जागा पायी फिरून पाहावी. गवत कुठे दाट आहे, कुठे माती उघडी पडली आहे, उतार कोणत्या बाजूला आहे आणि शेजारच्या खेळपट्ट्यांच्या कडा कुठे उंचावल्या आहेत, हे डोळ्यांनी पाहून पुरत नाही. सहकाऱ्याला त्या भागात दहा-बारा चेंडू जमिनीलगत सोडायला सांगावे आणि ते कुठे उडतात, कुठे मंदावतात हे लक्षात ठेवावे. ओल्या गवतावर चेंडू घसरत येतो आणि हाती येईपर्यंत जड व निसरडा झालेला असतो, तर कोरड्या टणक जमिनीवर तोच चेंडू शेवटच्या दोन मीटरमध्ये अचानक उसळू शकतो. या दोन मैदानांवर उभे राहण्याचे अंतर एकच ठेवणे चूक आहे.

बुटांचे तळ तपासावेत. झिजलेल्या स्पाइक्समुळे पाय घसरतो तो नेमका वळताना किंवा थांबताना, म्हणजे जेव्हा आधाराची सर्वाधिक गरज असते तेव्हाच.

खांद्याची तयारी मात्र वेळ देऊन करावी. आधी सात-आठ मिनिटे धावून अंग गरम करावे, मग हात, खांदे आणि कंबर हालचाल करत मोकळी करावीत. त्यानंतर 10 मीटरवरून दहा हलक्या फेकी, 20 मीटरवरून दहा मध्यम आणि 30 मीटरवरून पाच-सहा जोरकस फेकी असा चढता क्रम ठेवावा.

सावधान: मैदानात उतरताच सीमारेषेवरून पूर्ण ताकदीने फेकून पाहण्याची सवय अनेक खांदे निकामी करते. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्यात टोचणारी वेदना जाणवली, तर त्या दिवशी फेकीचा सराव तिथेच थांबवावा.

## टप्पा 1: प्रत्येक चेंडूसाठी सज्ज होणे

खेळपट्टीभोवतीच्या आतल्या वर्तुळातील क्षेत्ररक्षकाने गोलंदाज धावू लागल्यावर सावकाश चालत पुढे यावे. तीन ते पाच पावले पुरेशी असतात. या चालण्याचा हेतू अंतर कमी करण्यापेक्षा शरीर स्थिर अवस्थेतून बाहेर काढण्याचा आहे. चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्याच्या क्षणी अगदी लहानशी उडी घेऊन दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकवावेत. पायांतील अंतर खांद्यांपेक्षा थोडे अधिक, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर आणि हात गुडघ्यांच्या उंचीवर समोर मोकळे असावेत. पंजे मांडीवर टेकवून वाट पाहणारा खेळाडू ते उचलण्यातच पहिली संधी गमावतो.

इथली सर्वसाधारण चूक म्हणजे चालत राहणे. बॅट चेंडूला लागते तेव्हा एक पाय हवेत असेल, तर त्या पायाच्या दिशेला जाणारा चेंडू कदाचित गाठता येतो, पण विरुद्ध दिशेच्या चेंडूसाठी आधी पाय खाली यावा लागतो आणि मगच वळता येते. दुसरी चूक याच्या उलट आहे: काही जण इतके खाली बसतात की टाचा जमिनीला टेकतात आणि उठण्यासाठी वेगळा जोर लावावा लागतो.

नजर कुठे असावी, याबद्दल बराच गोंधळ असतो. पहिल्या स्लिपने (यष्टिरक्षकाच्या शेजारच्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू गोलंदाजाच्या हातापासून पाहावा, हे योग्य आहे. कव्हर, पॉइंट किंवा मिडविकेटवर (फलंदाजाच्या समोर किंवा बाजूला, मधल्या अंतरावरच्या जागांवर) मात्र चेंडूचा तसा पाठलाग केला तर नजर वेगाने फिरत राहते आणि ऐन फटक्याच्या वेळी स्थिर नसते. या जागांवर नजर आधीच फलंदाजाच्या बॅटच्या आसपासच्या भागावर आणून ठेवावी. स्लिप आणि फलंदाजाच्या अगदी जवळच्या क्षेत्ररक्षकांनी पुढे चालत येऊ नये.

तपासणी: सहकाऱ्याला मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगावे. बॅट आणि चेंडूचा संपर्क होतो त्या क्षणी चित्र थांबवावे. दोन्ही पाय जमिनीवर नसतील, तर पुढच्या टप्प्याकडे जाण्याआधी हीच एक गोष्ट शंभर वेळा करावी.

## टप्पा 2: वाट निवडणे

चेंडूकडे थेट धावणे ही नैसर्गिक ऊर्मी असते आणि बहुतेक वेळा तीच चुकवते. चेंडू हलता असतो. तो आता आहे तिथे धावलो, तर आपण पोहोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. तो कुठे असेल त्या जागी जायचे असते आणि त्यासाठी पहिले पाऊल निर्णायक ठरते. बाजूच्या चेंडूसाठी त्या बाजूचा पाय वळवून पहिले पाऊल टाकावे आणि लगेच पाय ओलांडून धाव घ्यावी. बाजूला सरकत जाणे दोन पावलांपुरतेच उपयोगी आहे.

चेंडू किती वेगाने येतो आहे यावर कोन ठरतो. मंद चेंडूवर सरळ चाल करून जावे, कारण तिथे वाट पाहणे म्हणजे फलंदाजाला धाव बहाल करणे. वेगवान चेंडूसाठी मात्र तिरका किंवा किंचित मागे जाणारा कोन घ्यावा लागतो. पुढे धावून गेल्यास चेंडू आणि आपण एकमेकांकडे इतक्या वेगाने येतो की हात जुळवायला वेळच उरत नाही.

चेंडूची फिरकी ओळखणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाने कव्हरकडे मारलेला ड्राइव्ह बॅटचा चेहरा किंचित उघडा असल्यामुळे अनेकदा थर्ड मॅनच्या (फलंदाजाच्या मागे, ऑफ बाजूच्या सीमेकडच्या जागेच्या) दिशेने वळत जातो, म्हणजे फलंदाजाकडे तोंड करून उभ्या असलेल्या कव्हरच्या डाव्या हाताला. सरळ येतो असे समजून उभा राहिलेला खेळाडू शेवटच्या क्षणी डावीकडे हात फेकतो आणि चेंडू पंजाच्या कडेला लागून निसटतो. तिथे सुरुवातीपासूनच चेंडूच्या रेषेच्या अर्धे पाऊल डावीकडे जावे. डावखुऱ्या फलंदाजासाठी हे सगळे उलट होते, आणि षटकात एक डावखुरा व एक उजवा फलंदाज आलटून पालटून खेळत असताना याचा विसर हमखास पडतो.

वेळ असेल तेव्हा चेंडूकडे थोड्या वळणाने जावे. फेकण्याचे लक्ष्य लक्षात घेऊन असे वळण घ्यावे की चेंडू उचलताना शरीराचा वेग आधीच त्या लक्ष्याकडे जात असेल. सरळ जाऊन चेंडू उचलला आणि मग नव्वद अंश वळलो, तर गोळा केलेला वेग वाया जातो.

## टप्पा 3: खाली जाणे आणि चेंडू घेणे

उंची कमी करायची ती गुडघे आणि नितंबांतून. पाठ सपाट ठेवून कंबरेतून वाकले की हात खाली पोहोचतात, पण डोळे चेंडूपासून दूर राहतात आणि चेंडू उडाला तर सावरता येत नाही. शेवटची दोन-तीन पावले आखूड करत आधीच खाली जावे, कारण चेंडूजवळ पोहोचल्यावर वाकणारा खेळाडू नेहमी उशीर करतो.

पंजांची रचना साधी आहे. चेंडू कमरेच्या खाली असेल तर बोटे जमिनीकडे, करंगळ्या जुळलेल्या, तळहात चेंडूकडे आणि कोपर गुडघ्यांच्या पुढे. चेंडू पोटाच्या वर उसळला तर बोटे वर. हात ताठ ठेवू नयेत. चेंडू लागताच ते शरीराकडे किंचित मागे यावेत. सुमारे 156 ते 163 ग्रॅमचा टणक चेंडू ताठ पंजावर आपटला की तो परत उडतोच, आणि वर बोटही दुखावते.

उसळत्या चेंडूला दोन सुरक्षित जागा असतात: टप्पा पडताच, म्हणजे चेंडू जमिनीलगत असताना, किंवा उसळी संपून तो खाली येताना. टप्प्यापासून मीटर-दीड मीटरवर, चेंडू वर चढत असताना घेण्याचा प्रयत्न सर्वांत धोक्याचा असतो. अशा वेळी एक पाऊल पुढे किंवा एक पाऊल मागे जाऊन यांपैकी एक जागा स्वतःहून निवडावी. या निर्णयात टाळाटाळ केली की चेंडू आपल्यासाठी वाईट जागा निवडतो.

पद्धत परिस्थितीवर ठरते.

लाँग बॅरियर. वेगवान चेंडू, खडबडीत जमीन आणि मागे कोणीही नाही, अशा वेळी धाव वाचवण्यापेक्षा चौकार वाचवणे महत्त्वाचे असते. चेंडूच्या रेषेत आडवे जाऊन उजवा पाय चेंडूच्या वाटेला आडवा टेकवावा आणि डावा गुडघा उजव्या टाचेला चिकटवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे पाऊल आणि नडगी मिळून सलग भिंत तयार होते. हात या भिंतीच्या पुढे आणि डोके चेंडूच्या वर. टाच आणि गुडघा यांच्यात फट राहिली, तर चेंडू तिथूनच जातो. डावा गुडघा टेकवण्याचे कारण असे की उठताना उजवा पाय आधीच जागेवर असतो आणि डावा पाय थेट लक्ष्याकडे टाकता येतो.

दोन हातांनी धावत उचलणे. धावचीतची शक्यता असेल तेव्हा चेंडू उजव्या पावलाच्या समोर घ्यावा आणि तो पाय चेंडूच्या रेषेला आडवा टेकवावा. चेंडू हातात येतो तेव्हा शरीर आधीच बाजूला वळलेले असते आणि पुढचे डावे पाऊल फेकीचेच पाऊल ठरते.

एका हाताने उचलणे. चेंडू थांबलेला किंवा अगदी मंद असेल, आणि दोन हातांनी वेळ जाणार असेल, तरच हे करावे. उजवा पाय चेंडूच्या शेजारी टेकवून पावलाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू उचलावा आणि त्याच ओघात अंडरआर्म, म्हणजे हात खांद्याखालून आणत, फेकावा. यात पंजा चेंडूच्या मागे जातो. वरून झडप घातल्यास चेंडू बोटांखालून सरकतो. दोन हात शक्य असताना एका हाताचा उपयोग केवळ रुबाब म्हणून करणाऱ्याला मी पुन्हा दोन हातांवर आणतो.

सरावाला येणारा चौदा वर्षांचा एक मुलगा कव्हरवर उत्तम धावायचा, पण पाच-सहा चेंडूंतून एक तरी त्याच्या हाताखालून जायचा. आम्ही जुन्या चेंडूंवर पेनने ठळक अंक लिहिले आणि चेंडू हातात येताना त्याने अंक मोठ्याने सांगावा असे ठरवले. जे चेंडू निसटले त्यांतील एकाचाही अंक त्याला सांगता आला नाही. त्याचे हात ठीक होते, पाय ठीक होते. चेंडू हातभर अंतरावर असतानाच त्याची हनुवटी वर जायची आणि नजर यष्ट्यांकडे वळायची. त्यानंतर आठवडाभर त्याच्याकडून फेक करून घेतली नाही, फक्त अंक सांगून घेतला, आणि गळती थांबली.

तपासणी: हा अंकांचा प्रयोग कुठल्याही वयात करावा. हनुवटी छातीकडे, टोपीची चोच चेंडूकडे, आणि चेंडू पंजात बंद झाल्यानंतरच डोके वर, असा क्रम असावा.

सावधान: टोपी, स्वेटर किंवा अंगावेगळे केलेले कोणतेही कपडे चेंडू अडवण्यासाठी मुद्दाम वापरल्यास फलंदाजी करणाऱ्या संघाला 5 दंडाच्या धावा मिळतात. चेंडू नसताना तो अडवल्याची किंवा फेकल्याची नक्कल करून फलंदाजाला फसवणे हाही दंडनीय गुन्हा आहे.

## टप्पा 4: उचलण्यापासून फेकीपर्यंतची पावले

याच टप्प्यात धावचीतच्या संधी निसटतात, आणि गंमत अशी की प्रेक्षकांना तो दिसतही नाही. चपळ फलंदाज सेकंदाला साधारण सात मीटर धावतो असे धरले, तर सेकंदाच्या तीन-दशांशाच्या चाचपडण्यात तो दोन मीटर पुढे जातो. फेक कितीही वेगवान केली तरी हे दोन मीटर परत मिळत नाहीत.

चेंडू हातात आला की तो दोन्ही हातांनी छातीच्या उजव्या बाजूला आणावा आणि तिथे पकड घ्यावी: पहिली दोन बोटे शिवणीला आडवी, अंगठा खाली. अशी पकड चेंडूला हवेत सरळ ठेवते. मात्र शिवण शोधण्यासाठी वेळ घालवू नये. पहिल्याच प्रयत्नात बोटे मिळतील तशी लावावीत, हा सराव घरी बसल्या बसल्याही होतो.

त्याच वेळी पाय काम करत असतात. उजवे पाऊल लक्ष्याला आडवे पडते, डावा खांदा लक्ष्याकडे वळतो, डावे पाऊल लक्ष्याच्या दिशेने पुढे पडते. लांबच्या फेकीसाठी उजव्या पायाची लहानशी उडी घेऊन वेग पुढे आणता येतो, ज्याला क्रो हॉप म्हणतात. जवळच्या फेकीत ही उडी घेऊ नये, ती फक्त वेळ खाते.

## टप्पा 5: फेक

आधी लक्ष्य ठरवावे. कोणत्या बाजूला फेकायचे, हे यष्टिरक्षक किंवा दुसरा सहकारी मोठ्याने सांगतो आणि तो आवाज ऐकण्याची सवय लावावी लागते. हाक आली नाही तर जो फलंदाज आपल्या क्रीझपासून अधिक लांब दिसतो त्याच्या बाजूला फेकावे.

यष्ट्यांवर थेट फेकायचे की सहकाऱ्याच्या हाती द्यायचे, हे कोनावर ठरते. समोरून तिन्ही यष्ट्या मिळून 22.86 सेंटीमीटर रुंदीचे लक्ष्य मिळते, तर अगदी आडव्या बाजूने पाहिल्यास फक्त एका यष्टीची, म्हणजे जेमतेम 3.8 सेंटीमीटरची, रुंदी दिसते. म्हणून पॉइंट किंवा स्क्वेअर लेगवरून, यष्ट्यांजवळ सहकारी उभा असताना, बेल्सच्या (यष्ट्यांवर ठेवलेल्या लाकडी तुकड्यांच्या) उंचीवर अचूक चेंडू देणे हेच शहाणपणाचे असते. आडव्या बाजूने थेट फेक तेव्हाच करावी, जेव्हा यष्ट्यांपाशी कोणीही नसेल किंवा तिथे चेंडू देण्याइतका वेळ उरला नसेल.

फेकताना कोपर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर असावे, डावा हात लक्ष्याकडे जाऊन छातीकडे परत ओढला जावा आणि फेकणारा हात डाव्या गुडघ्याच्या बाहेरपर्यंत पूर्ण जावा. हात मध्येच थांबवला की चेंडू उंच जातो आणि सगळा ताण खांद्यावर येतो. दूरवरून उंच फेकण्यापेक्षा एका टप्प्यात पोहोचणारी सपाट फेक लवकर पोहोचते. आठ-दहा मीटरच्या आत अंडरआर्म फेकावे आणि हात लक्ष्याच्या दिशेनेच खाली सोडावा.

सावधान: धावचीतची शक्यताच नसताना जोरात फेकू नये. ओव्हरथ्रो, म्हणजे यष्ट्यांपलीकडे निसटलेली फेक, सीमारेषेपार गेला तर चार धावांबरोबर पूर्ण झालेल्या धावाही मिळतात, आणि फेकीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असेल तर सुरू असलेली धावही धरली जाते.

## टप्पा 6: यष्ट्यांजवळ आणि मागे

यष्ट्यांपाशी चेंडू घेणाऱ्याने यष्ट्या आपल्या आणि फेकणाऱ्याच्या मध्ये येतील असे उभे राहावे. यष्ट्यांच्या पुढे येऊन चेंडू घेतला तर थेट लागणारी फेकही आपणच अडवतो. ज्या हातात चेंडू आहे त्याच हाताने, किंवा त्या हाताच्या बाहूने, बेल पाडावी लागते. रिकाम्या हाताने पाडलेली बेल ग्राह्य धरली जात नाही. चेंडू नीट पकडण्याआधी पुढे झेपावलेले कोपर बेल उडवते, ही दर सामन्यात दिसणारी चूक आहे.

बॅकअपला, म्हणजे चुकलेली फेक अडवायला, जाणाऱ्याने फेकीच्या रेषेत, यष्ट्यांच्या मागे दहा-पंधरा मीटरवर थांबावे. अगदी जवळ उभे राहिल्यास चुकलेली किंवा यष्टीला लागून दिशा बदललेली फेक हाताशी येईपर्यंत सावरायला वेळच मिळत नाही.

## सीमारेषेवरील घसरण

सीमारेषेकडे धावताना चेंडूच्या मागे न जाता शेजारी पोहोचावे. घसरताना डावा पाय दुमडून मांडीच्या आणि नितंबाच्या बाहेरील बाजूवर भार घ्यावा, उजवा पाय पुढे मोकळा ठेवावा, चेंडू उजव्या हाताने आत ओढावा आणि घसरण्याच्या वेगातच पुढच्या पायावर उठावे. गुडघ्यावर आदळून घसरणे टाळावे. चेंडू शरीराला लागलेला असताना दोरीला स्पर्श झाला तर चौकार ठरतो, म्हणून दोरीपासून किमान दोन मीटर आधी घसरायला सुरुवात करावी. दोघे जण एकत्र पोहोचत असतील, तर घसरणाऱ्याने चेंडू मागे ढकलावा आणि दुसऱ्याने उचलून फेकावा. हे कोणी काय करायचे, ते धावतानाच ओरडून ठरवावे.

## सरावाचा क्रम

तीस मिनिटे मिळत असतील तर पहिली पाच मिनिटे चेंडूविना फक्त चालत येणे व सज्ज होणे यासाठी द्यावीत. पुढची दहा मिनिटे अंक लिहिलेले चेंडू हळू, मग वेगाने, मग दोन्ही बाजूंना सोडावेत आणि या वेळात एकही फेक करू नये. त्यानंतरची दहा मिनिटे उचलणे आणि पावले जोडावीत, पण फेक अर्ध्या जोराने करावी. शेवटच्या पाच मिनिटांतच यष्ट्या उभ्या करून पूर्ण वेगाने सहा-सहा चेंडूंचे डाव घ्यावेत. सहापैकी पाच चेंडू स्वच्छ हाती आले नाहीत, तर त्या दिवशी वेग न वाढवता आधीच्या पायरीवर परत यावे. लहान मुलांनी हा क्रम आधी टेनिस चेंडूने पूर्ण करावा आणि मगच कडक चेंडूला हात लावावा, कारण एकदा बोटाला लागलेला मार मुलाला पुढचे अनेक दिवस चेंडूपासून नजर वळवायला लावतो.